दुसरी बाटली

वेटरने ग्लासात दोन घोट वाइन ओतली आणि बाटली हातात धरून तो उभा राहिला. पहिला घोट पाहुण्याने घ्यायचा, त्याने मान डोलावली की मग बाकीच्यांना वाढायची, अशी त्या हॉटेलातली रीत. बाकीचे म्हणजे एकच, पाहुण्याची बायको.

पाहुणा एकतीस वर्षं चहाच्या कंपनीत टेस्टर होता. दिवसाला दोनशे कप चाखायचे आणि एकही गिळायचा नाही, हे त्याचं काम. निवृत्त होऊन चार महिने झाले होते, जिभेला मात्र ते कोणी कळवलं नव्हतं. त्याने ग्लास नाकाशी नेला, सुर्रकन घोट ओढला, तोंडात घोळवला आणि डाव्या हाताला ठेवलेल्या बर्फाच्या बादलीत नेमका थुंकला.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काटा खाली ठेवला.

"माफ करा साहेब, दुसरी आणतो," वेटर म्हणाला आणि बाटली, बादली दोन्ही उचलून घेऊन गेला.

"अहो!" बायकोने तोंडावर रुमाल धरला. "भर दुपारी, चार लोकांत! आवडली नाही तर तोंडाने सांगायचं ना."

"नाही गं, वाईट कुठे होती? हाताशी भांडं दिसलं आणि..."

"वाईट कुठे होती!" तिने रुमाल खाली ठेवला. "एकतीस वर्षं हेच ऐकतेय. भाजी वाईट कुठे झालीय. साडी वाईट कुठे दिसतेय. मीठ चिमूटभर जास्त पडलं तर मात्र पहिल्या घासाला कळतं तुम्हाला."

तो टेबलावरच्या पावाचा तुकडा मोडत राहिला.

"आज मला एकदा 'छान' ऐकायचंय," ती म्हणाली. "कशालाही म्हणा. नाही म्हणालात, तर उद्या सकाळच्या गाडीने मी लेकीकडे जाते. सहलीचे पुढचे पाच दिवस तुम्ही एकटे हिंडा."

तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो घाबरला. आवाज चढवून ती पूर्वी कितीदा तरी निघाली होती आणि गॅसवर कुकर आहे म्हणून दारातूनच मागे फिरली होती. इथे कुकर नव्हता.

वेटर दुसरी बाटली घेऊन आला. नवी बादली या वेळी त्याने टेबलापासून हातभर लांब ठेवली. बूच काढलं, दोन घोट ओतले आणि तो मागे सरला.

ग्लास ओठांपर्यंत पोचायच्या आतच टेस्टरला कळलं. बूच खराब होतं. ओल्या गोणपाटाचा वास. असा चहा समोर आला असता तर अख्खा माल त्याने त्याच पावली परत पाठवला असता. त्याने वर पाहिलं. वेटर त्याच्याकडे बघत होता. बायको त्याच्याकडे बघत होती. तिने उद्याच्या गाडीची वेळ विचारून ठेवली असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

त्याने घोट घेतला आणि गिळला.

"छान," तो म्हणाला. शब्द नव्या जोड्यासारखा चावला. "छान आहे."

बायकोचा चेहरा असा खुलला की वेटरलाही बरं वाटलं. त्याने दोन्ही ग्लास भरले आणि तो मासे आणायला गेला.

तिने मोठ्या हौसेने घोट घेतला आणि ती थांबली. ग्लास पुन्हा नाकाशी नेला. एकतीस वर्षं या माणसाने चहाची प्रत्येक खोट रात्रीच्या जेवणाबरोबर तिला ऐकवली होती, कितीतरी नमुने घरी आणून हुंगायला लावले होते.

"अहो," ती हळूच म्हणाली, "याला ओल्या गोणपाटाचा वास येतोय."

"मला नाही येत." त्याने मोठा घोट घेतला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुम्हाला नाही येत?"

तिने ग्लास दूर सरकवला. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीचा राग येत होता.

"जन्मात पहिल्यांदा छान म्हणालात. तेही खोटं."

"तू निघून जाशील म्हणून म्हणालो." तो काट्याकडे बघत बोलत होता. "मला ते येत नाही गं. आमच्याकडे वहीत फक्त खोट लिहायची. करपलेला, धुरकट, दमट, असं. ज्या चहात काही खोट नाही, त्याच्यापुढे काहीच लिहायचं नाही. कोरं दिसलं की साहेब समजायचे, माल उत्तम आहे. मला वाटलं, एव्हाना तुलाही समजलं असेल."

"मला कोण सांगणार? मी काय तुमची साहेब आहे?"

"तसं बघितलं तर..." तो म्हणाला आणि पुढचं त्याने गिळलं.

भाजलेले मासे आले. वेटरने बाटलीकडे पाहिलं, भरलेल्या ग्लासांकडे पाहिलं आणि काही न विचारता निघून गेला. टेस्टरने खायला सुरुवात केली. ती मात्र तशीच बसून राहिली. इतक्या वर्षांचे सकाळचे चहा, डबे, सणासुदीची जेवणं, लेकीच्या लग्नात नेसलेली ती साडी. त्या साडीबद्दल तर हा माणूस चकार शब्द बोलला नव्हता, आणि ती आठवडाभर रुसली होती.

"आणि मी?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली. हातातला घास तसाच ठेवून तो तिच्याकडे बघत राहिला. मग काटा बाजूला ठेवला, घसा साफ केला आणि बोलायला तोंड उघडलं.

"नको," ती घाईघाईने म्हणाली. "काही बोलू नका. जेवा."