रिकाम्या खुर्चीसमोरचे मासे

आमच्या सांडपाणी प्रकल्पात शुद्ध झालेलं पाणी शेवटी माशांच्या टाकीतून जातं. टाकी एका खुर्चीपासून दारापर्यंत भिंतभर लांब. मासे जगले की पाणी पास. माणसांसाठी इतकी सोपी परीक्षा अजून निघालेली नाही.

चार वाजता माशांना खाणं घालायची ती माझी बायको. ती इथल्याच प्रयोगशाळेत होती; गुडघा दुखायचा, म्हणून खाणं घालून खुर्चीत टेकायची. तिला जाऊन वर्ष झालं. तरी चार वाजले की सगळे मासे तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर काचेला तोंड लावून उभे राहतात.

"सवय हो ती, काका," आमचा वायरमन म्हणतो.

"अरे, पण खाणं माझ्या हातात आहे ना!"

तिच्या माहेरची माणसंही माझ्याशी अशीच वागायची.

आज मी निवृत्त झालो. भाषणं उरकून, चारला टाकीपाशी आलो.

"उद्यापासून मी येणार नाही गं," खुर्चीला म्हणालो. पिशवी उचलून दाराशी गेलो.

"काका," वायरमन हळूच म्हणाला, "मासे बघा."

मासे खुर्चीसमोरून हलले होते. काचेला तोंड लावून दाराकडे सरकत होते, तिच्या दुखऱ्या गुडघ्याच्या चालीने. दोन पावलं, थांबा. दोन पावलं, थांबा.

अगदी माझ्या शेजारी येऊन ते थांबले.

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्या बाजूचा हात मोकळा केला.