लातूरची तारीख

"उज्ज्वलाबाई, पुढचा नंबर तुमचा," कंपाउंडर म्हणाला तशी आईनं चेहरा पाडला आणि रुद्राणीच्या दंडाला धरून बसली.

लातूरच्या त्या मनोविकाराच्या दवाखान्यात निम्मे लोक नांदेडचे असत. गावात कुणी बघू नये म्हणून पहाटेची एसटी धरायची आणि इथं येऊन गावच्याच माणसाशेजारी बसायचं.

शिवशंकर असाच नांदेडजवळच्या विष्णुपुरीहून त्याच्या काकांना घेऊन यायचा.

"सहावी खेप, आन् प्रत्येक वेळेस आपली तारीख एकच," तो रुद्राणीला म्हणाला.

"तुम्ही कंपाउंडरला विचारून ठरवता."

"हाव."

"माझी झोप कवाच सुधारली," काका आईला म्हणाले. "हाच मला उगं आणून राहिलाय. आता ह्यालाच दाखवावं म्हणतो."

आई खळखळून हसली. मग आठवल्यासारखी गप्प झाली.

"काकू, घरी बोलणी करायला येऊ का?" शिवशंकरनं विचारलं. "रुद्राणी तुम्हाला किती जपते, ते बघतोय मी."

"एक विचारू का, बाई?" काकांनी आवाज खाली केला. "राग मानू नका. पोरीला तर तसलं काही न्हाई ना? घरात बाकीच्यांना पटवावं लागंल."

"अगं बाई, तिला काय झालंय! माझंच हाय सगळं."

रुद्राणीनं चहाचा घोट घेतला. जीभ पोळली. लग्नाचं ऐकून काहीतरी वाटायला हवं होतं. तिनं वाट पाहिली. मग म्हणाली, "या."

परतीच्या एसटीत आई अहमदपूरपर्यंत लग्नातल्या इरकल साड्यांच्या किमतीच सांगत होती.

नांदेडला उतरल्यावर आईच्या छातीवर दडपण आलं. घाम फुटला, जबडा दुखू लागला. स्टँडवर न्यायला आलेले रुद्राणीचे वडील, अप्पा, रिक्षा करून दवाखान्यात घेऊन गेले.

"काही औषधं चालू आहेत?" ड्युटीवरच्या डॉक्टरनं विचारलं.

अप्पांनी आईच्या पिशवीतून लातूरचा कागद काढून दिला. डॉक्टरनं नाव वाचलं, गोळ्या वाचल्या आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"घाबरण्याचा झटका आहे. या पेशंटना होतं असं."

"ईसीजी काढू?" सिस्टरनं विचारलं.

"कशाला? झोपेचं इंजेक्शन द्या."

रुद्राणीनं तोंड उघडलं. आईनं तिचं मनगट घट्ट धरलं. "तू उगं बोलू नको," ती पुटपुटली. "लोकं बाहेर बसलेत."

घरी येऊन आई झोपली. सकाळी उठलीच नाही.

शिवगणाराधनेला, म्हणजे आईच्या अकराव्याच्या जेवणाला, सगळं भावकीचं माणूस आलं. रुद्राणी पंगतीत वाढत होती.

"पोरीच्या डोळ्याला टिपूस न्हाई," एक बाई म्हणाली. "दगड हाय नुसता."

"रडून आटलं असंल, मावशी," शिवशंकर म्हणाला. "सहा महिने त्या आजाराचं तिनंच केलं."

"लई वंगाळ आजार," अप्पा भिंतीला टेकून म्हणाले. "माझी हसतीखेळती बायको. डोक्याच्या आजारानं नेली."

"सुटल्या त्या," काका म्हणाले. "आता दोन महिन्यांनी पोरीचं उरकून टाकू. आमच्याकडं कुणाची हरकत न्हाई."

अप्पांनी हात जोडले.

रुद्राणीनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"अप्पा, आईला डोक्याचा कसलाच आजार नव्हता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गोळ्या मी घेते. कागदावर तिनं फक्त नाव दिलं होतं."