दामदुलचे डोळे

"डोळे कधी काढणार?" आपांनी पुन्हा विचारलं.

"काढणारच नाही!" जिगदल वैतागला. "किती वेळा सांगू? चित्र असंच आहे."

नूडल्सची रिकामी पाकिटं कापून, चिकटवून त्याने बुद्ध केला होता. डोळ्यांच्या जागी कोरं कापड. ज्याचा देशच नजरेआड झाला, त्याने बघायचं तरी काय? झुरिकच्या गॅलरीवालीला हे फोटोवरून कळलं होतं. आज ती वस्तीच्या हॉलवर येणार होती, आणि पसंत पडलं तर चित्र तिच्याबरोबर जाणार होतं. घरात मात्र भिंतीवर डोकं आपटायची पाळी.

"डोळे उघडल्याशिवाय तो बुद्ध नाही. नुसता कचरा!" आपा म्हणाले.

दामदुल म्हणजे त्याचे आपा, जिगदलचे वडील. थांगका, म्हणजे कापडावरची बुद्धाची चित्रं, रंगवणारे मॅक्लोडगंजमध्ये पुष्कळ, पण डोळे दामदुलचेच, असं सगळे म्हणत. डोळे उघडायच्या, म्हणजे रंगवायच्या दिवशी आपा खोलीचं दार लावून घेत. आत फक्त आमा जायची, चहा घेऊन, आणि बऱ्याच वेळाने कमरेच्या पट्टेदार पांगदेनला तोंड पुसत बाहेर यायची. पोटच्या पोराला मात्र दार बंद! बारीक कुंचला ओठांत धरून त्याला टोक काढायचं, एवढंच काय ते त्याला शिकवलं होतं. तो राग अजून गेला नव्हता.

"इतक्या लांब पाठवतोयस," आमा पुटपुटली. "त्याला वाट दिसायला नको?"

"आमा, तू तरी गप्प बस गं! तुला यातलं काय कळतं?"

"मला कुठलं कळायला! जा, टॅक्सी बघ. तोवर मी हे गुंडाळून ठेवते."

आपाही त्याच्या मागोमाग निघाले. स्टँडपर्यंत कटकट, टॅक्सीची वाट बघताना कटकट, टॅक्सीत बसल्यावरही तेच. परत आले तेव्हा आमा कापडाची गाठ मारून तयार उभी होती.

हॉलमध्ये जिगदलने चित्र टांगलं आणि कापड ओढलं.

बुद्ध बघत होता. लांबट, अर्धवट मिटलेले, शांत डोळे.

"दामदुलचे डोळे!" एक म्हातारी ओरडलीच. तिने चित्राला कपाळ टेकवलं, गळ्यातला खाता, मानाचं पांढरं उपरणं, काढून फ्रेमवर घातला. बघता बघता रांग लागली. कुणी तूपदिवाही आणला.

"सुंदर आहे," गॅलरीवाली म्हणाली. "पण मला हवं होतं ते हे नाही." आणि ती निघून गेली.

जिगदलच्या डोळ्यांत पाणी आलं. "आपा! का केलंत असं? वाटोळं केलंत माझं!"

"मी? अरे, मी तर तुझ्याबरोबरच होतो."

"मग कुणी? तुमच्यासारखे डोळे दुसरं काढतं कोण?"

आपांनी मान खाली घातली. मग चोरून आमाकडे पाहिलं.

आमा घाईघाईने पांगदेनला तोंड पुसत होती. खालच्या ओठावरचा काळा ठिपका काही केल्या निघत नव्हता.