पडद्यामागचा हुकूम

उद्या प्राचीचा इतिहासाचा पेपर, म्हणून संध्याकाळी आखातातल्या रिग्गईच्या फ्लॅटमध्ये दर्शना तिच्याकडून धडे म्हणवून घेत होती. दुपारीच देवरुखहून भावाचा फोन येऊन गेला होता. नाना गेले, दर्शनाचे वडील. पेपर होईपर्यंत लेकीला कळू द्यायचं नाही, असं तिने ठरवलं होतं आणि तेव्हापासून चारदा कांदा चिरला होता.

"मम्मा, ऐक ना. मोरोक्कोचा सुलतान अब्दुल मलिक. दोनच वर्षं राज्य केलं आणि ऐन लढाईत पालखीतच गेला. कारभाऱ्याने सैन्याला पत्ता लागू दिला नाही. पडद्यात डोकं घालायचा आणि बाहेर येऊन सांगायचा, सुलतानांचा हुकूम आहे, पुढे चला! लढाई जिंकलीसुद्धा."

"हं. साल?"

"पंधराशे अठ्ठ्याहत्तर. आता नानांना फोन लाव. प्रत्येक पेपरच्या आधी बोलतो ना आम्ही."

दर्शना मोबाईल घेऊन बेडरूममध्ये गेली. दार लावून घेतलं. थोड्या वेळाने बाहेर आली.

"घसा बसलाय गं त्यांचा. म्हणाले, आधी सोपं लिही, मग अवघड."

प्राची तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पुस्तकात डोकं घातलं.

सकाळी शाळेच्या गेटशी ती गाडीतून उतरली, चार पावलं गेली, परत आली आणि खिडकीशी वाकली.



"मम्मा, पेपर तीन तासांचा आहे. तोवर घरी जाऊन रडून घे."