घरपट्टीचा बँड

"मास्तर, पुढचं घर तुमचंच आहे," पालिकेचा वसुली कारकून खाली बघत म्हणाला. "वाजवावं लागेल. माझा थकलेला पगारही यातूनच निघणार आहे."

सरकारनं अर्थसंकल्पात पालिकेचं अनुदान कापलं, तशी पालिकेनं घरपट्टी दुप्पट केली. थकबाकीदारांना दारात बँड वाजवून लाजवायची सुपारी मला मिळाली. लग्नाची कामं नव्हती, म्हणून घेतली.

मी क्लॅरिनेट ओठांना लावली. सूर ओळखून माझी धाकटी लेक धावत बाहेर आली आणि नेहमीसारखी माझ्यापुढे नाचायला लागली. शेजारी दारादारांत उभे होते. बायकोनं तिला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली.

दार लावून घेतलं की जोर वाढवायचा, असं सकाळी मीच माझ्या वाजवणाऱ्यांना बजावलं होतं. माझ्यामागे ताशा कडाडला.