पिवळे मोजे

बाबांनी पांघरूण बाजूला केलं आणि लेकीची नजर पुन्हा तिथेच गेली. उजव्या पायाशेजारची गादी सपाट होती.

डावा पाय गुडघ्याखाली काढून पंधरवडा होत आला होता. मधुमेहाचं दुखणं, टाचेची जखम काही केल्या भरेना. पट्टी तर लेकीनेच प्रयोगशाळेत बनवलेली. जेलीसारखी मऊ, पोटात पिवळं औषध. जखमेची ओल किंवा घाम लागला की औषध थेंबाथेंबाने बाहेर झिरपायचं. चाचणीत इतरांच्या जखमा सुकल्या, घरची मात्र चिघळत गेली. ज्या पट्टीने बापाचा पाय वाचला नाही, ती आता कुठल्या तोंडाने लोकांना लावायची? उद्या काम सोडते म्हणून सांगायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

"मनाला लावून घेऊ नकोस गं," बाबा म्हणाले. "माझंच नशीब फुटकं, त्याला तुझी पट्टी काय करणार? आता ह्या पायाला फोड आलाय बघ. दे एक इकडे."

जन्मभर शिलाई मशीनवर बसलेला माणूस. पायाला लेकीला कधी हात लावू दिला नाही. दार लोटून घ्यायचे आणि स्वतःच पट्टी बदलायचे. मोजे पिवळे होतात म्हणून कुरकुरायचे, आणि तो पू समजून ती उशीत तोंड खुपसून रडायची. पट्टी कधी बदलायची, पाणी कसं लागू द्यायचं नाही, सगळं तिने चारचारदा बजावलं होतं.

आज दार उघडं होतं. बाबांनी पट्टी उजेडात धरली. कापडाची सुलट बाजू बघावी तसं दोन्हीकडून बोट फिरवलं. मग खरखरीत बाजू फोडावर टेकवली आणि वरची गुळगुळीत बाजू हाताने नीट सारखी केली.

लेक झटकन पुढे वाकली. औषध सुटायचं ते फक्त गुळगुळीत बाजूने. खरखरीत बाजू बंद होती. प्रयोगशाळेत हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं, की घरी सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाबा, पट्टी... नेहमी अशीच लावायचात?"

"मग? चकचकीत बाजू आत कोण घालतं?" बाबांना हसूच आलं. त्यांनी उशाखालून एक विटका मोजा काढला. "आता जुनाच घालतो. नवा परत पिवळा व्हायचा."