मागचे हूक

भाचीच्या लग्नाहून घरी येताच शालनताईंनी ब्लाउजचे हूक काढायला हात पाठीमागे नेला. खांदा आखडलेला, त्यामुळे हात पोचेना. सकाळी शेजारणीने हूक लावून दिले होते, पण आता तिच्या दाराला कुलूप होतं. नवरा होता तोवर हे काम त्याचंच असायचं. "सरळ उभी राहा गं," म्हणत तो एकेक हूक लावून द्यायचा.

बराच वेळ धडपडून शेवटी त्यांनी कात्री घेतली आणि रेशमी ब्लाउज पुढून उभा कापला.

दुसऱ्या दिवशी तोच ब्लाउज घेऊन त्या गल्लीतल्या शिवणक्लासला गेल्या.

"या वयात काय शिकायचंय, काकू?" क्लास घेणाऱ्या रेहानाने विचारलं.

"मागचे हूक पुढे घ्यायला."

टाके वाकडे पडले, सुई बोटात घुसली. दिवाळीपर्यंत मात्र कपाटातले सगळे ब्लाउज पुढून उघडणारे झाले. तरीही त्या क्लासला जात राहिल्या. दुपारी तिथे निदान बोलणं तरी कानावर पडायचं.

एकदा नुकतंच लग्न झालेली प्रणाली त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिला मागे हूक असलेला ब्लाउज शिवायचा होता. शालनताईंनी तिला पाठीची पट्टी जोडून दाखवली.

"पण काकू, हे रोज एकटीने लावायचे कसे?"

"एकटीने कशाला? त्याला हाक मारायची."

प्रणाली लाजून हसली. शालनताई मशीन चालवू लागल्या. सुईत दोरा नाही, हे त्यांच्या कितीतरी वेळ लक्षातच आलं नाही.